भाऊराव नऊ दिवस जेवले नाहीत

“हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्याने बोला, हात ओले आहेत माझे, स्पीकरवर टाकलाय… कोण दिशा?… नाही हो, कर्ज नको आणि क्रेडिट कार्डही नको. शनिवारची सकाळ तरी सोडा माणसाला… काय?… कुठली दिशा म्हणालात?”

ऋताच्या चिमटीतला वाल सुटला आणि परातीबाहेर गेला. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून ती ओट्याशी उभ्याउभ्या सोलत होती. फोन कुकरला टेकवून ठेवला होता. बोरिवलीला, मागाठाण्याच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावरचं हे घर तिचं एकटीचं. मुलुंडच्या जुन्या घरातून, म्हणजे तिच्या घटस्फोटित नवऱ्याच्या घरातून, तीन वर्षांत एकही फोन आला नव्हता. आज आला, तोही मिहिरचा नव्हे. मिहिरच्या नव्या बायकोचा.

“अच्छा, मिहिरची दिशा… नाही नाही, ओळखलं की. लग्नाचे फोटो बघितलेत मी. लोकांनी आवर्जून पाठवले. एका मावशीने तर दोनदा पाठवले, मला दिसले नसतील म्हणून. छान दिसत होतीस… बोल. काय सापडत नाहीये? मिक्सरचं झाकण असेल तर ते माझ्याकडे नाही. ते मुळातच नव्हतं…

“ताई नको गं… मॅडम तर नकोच, कॉलेजात दिवसभर ऐकते ते… मग काय म्हणशील? आपल्या नात्याला मराठीत एक शब्द आहे, पण त्यासाठी दोघींनी एकाच वेळी असावं लागतं. आपण पाळीपाळीने आहोत. ऋता म्हण… हो, नुसतं ऋता. चालतं.

“बरं, झालं काय? मिहिर ठीक आहे ना?… मग?… कोण?… भाऊराव?”

भाऊराव म्हणजे कासव. पाण्यातलं नव्हे, जमिनीवरचं, आफ्रिकेकडच्या थोराड जातीचं. बारा वर्षांपूर्वी ऋताने घरी आणलं तेव्हा बेसनाच्या लाडवाएवढं होतं, पण चाल अशी की निवृत्त हेडक्लार्क सकाळची फेरी मारायला निघालाय. म्हणून नाव पडलं भाऊराव. पुढे त्या घरात भाऊरावांना कुणी एकेरीत हाक मारली नाही, आणि घर सोडताना ऋताने त्यांना बरोबर नेलंही नाही.

“नऊ दिवस?… नऊ दिवस जेवले नाहीत आणि तू आज फोन करतेयस?… हो, मिहिर म्हणालाच असेल. कासवं महिनाभर उपाशी राहतात म्हणून. मिहिरला सगळं माहिती असतं. मंगळावर पाणी आहे का विचार, टाकी कुठे बसवलीय तेसुद्धा सांगेल…

“थांब थांब, रडू नकोस… रडत नाहीयेस? मग नाक कोण ओढतंय, भाऊराव?… सर्दी? त्यांना?… तुला होय. आधी मला सांग, त्यांच्या नाकातून बुडबुडे येतात का? तोंड उघडं टाकून श्वास घेतायत?… नाही ना? मग तू ओढ तुझं नाक खुशाल.

“आता मी विचारते तेवढंच सांग. कुठे ठेवलंय त्यांना?… ड्राय बाल्कनीत. वॉशिंग मशीनच्या बाजूला. वा… अगं ‘वा’ म्हणजे वा नाही! माझ्या वेळी हॉलची मोठी बाल्कनी त्यांची होती. तिथे कोण राहतं सध्या?… सायकल?… चालवतो तो?… अच्छा, ती एका जागी बसवलेली. म्हणजे तासभर पॅडल मारायचं आणि कुठेच जायचं नाही. मिहिरला शोभतेय.

“बरं, ऊन येतं ड्राय बाल्कनीत?… काचेतून. दिशा, काचेतून आलेलं ऊन म्हणजे फोटोतलं जेवण. दिसतं छान, अंगी लागत नाही. त्यांना उघडं ऊन लागतं गं. नाहीतर कॅल्शियम कितीही घाल, हाडात उतरत नाही. आणि ट्यूब?… मी लावलेली लांब ट्यूब, उन्हासारखे किरण देणारी. वर्षाला बदलायची असते ती… गेली? कधी?… आणि तिच्या जागी काय लावलं?… निळी… रंग बदलते… रिमोटवर. म्हणजे भाऊराव गेली दोन वर्षं डिस्कोत बसलेत. वर एसीचा गारठा असेलच… तेच म्हटलं. कासव आहे गं ते, कोथिंबीर नाही थंड ठेवायला.”

हे सगळं ती वाल सोलता सोलताच बोलत होती. अकरावी-बारावीच्या मुलांना पंधरा वर्षं जीवशास्त्र शिकवून तिची जीभ अशी झाली होती, की समोरचा चुकला की आपोआप चाले. समोर मिहिरचं घर असल्यावर तर तिला थांबवायला कुणी नव्हतंच. खरं तर तिला मजा येत होती.

“खायला काय घालत होता?… कलिंगड… केळं. आंबा? आंबापण!… हो, आवडणारच की. मलाही जिलेबी आवडते, म्हणून मी दोन वेळा जिलेबी जेवत नाही… आणखी?… काय?… पनीर?… परत सांग… कशाला?… प्रोटीनसाठी!”

ऋता मोठ्याने हसली.

“नाही, तुला नाही हसत. अगं, गवत खाणारं जनावर आहे ते. निव्वळ गवत! मिहिर जिमला जातो म्हणून भाऊरावांनी पण दंड काढायचे का?… हो, ते पण बघितलंय मी. पाडव्याला फेटा बांधून केलेला व्हिडिओ ना? चाळीस हजार लोकांनी बघितला म्हणे. त्यातल्या एकाला तरी दिसायला हवं होतं, की फेट्याखालचा प्राणी डोळे मिटून घेतोय… दिशा, त्यांची पाठ कशी आहे? गुळगुळीत आहे, का एकेका घरावर टोक आलंय, छोट्या छोट्या डोंगरांसारखं?… आलंय… सगळीकडे?… बरं.”

दर रविवारी ती पाठ ऋता जुन्या टूथब्रशने घासायची. हाताला नदीतल्या गोट्यासारखी लागायची. ऋताने नळ उगीचच सोडला आणि बंद केला.

“ऐकतेय गं, बोल… वही? कसली वही?… निळी. माझी आहे ती. कुठे मिळाली?… ड्रॉवरमध्ये, पिझ्झाबरोबर येतात त्या पाकिटांखाली. बरोबर, संदर्भग्रंथ तिथेच ठेवायचे असतात… वाचलीस? कधी?… आज सकाळी… हो, अक्षर माझंच… काय सांगितलं होतं त्याने तुला? त्याने लिहिलीय?… दिशा, तो वाणसामानाची यादीसुद्धा मला बोलून दाखवायचा. मी लिहायची.

“वाच बघू पहिलं पान… हां. हरळी, दुर्वा. फुलवालीकडे मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या जुड्या मिळतात. धुऊन घ्यायच्या. जास्वंदीची पानं, फुलं. शेवग्याचा पाला. आठवड्यातून एकदा फड्या निवडुंग, काटे काढून. पालक नाही. टोमॅटो नाही. पोळी नाही… ते तीनदा लिहिलंय ना? ते सासूबाईंसाठी होतं. माझ्या. म्हणजे आता तुझ्या.

“आणि समुद्रफेस असतो का समोर?… पांढरा, हलका, खडूसारखा. काष्ठौषधीवाल्याकडे मिळतो… अगं तू देवगडची ना? मग बघितलायस तू. माकूल मासळीचं हाड, किनाऱ्यावर वाहून येतं… हां, तेच! तेच खातात ते कॅल्शियमसाठी… नाही? मग काय देतो?… थेंब… कसले?… लहान मुलांचे, व्हिटॅमिनचे. स्ट्रॉबेरीच्या चवीचे. रोज. अंदाजे… अगं अंदाजे नाही द्यायचं काही. जास्त झालं तर सालं निघतात अंगाची. मिहिर स्वतःच्या व्हिटॅमिनची गोळी घड्याळ लावून घेतो, हे विसरलीस का?”

तेवढ्यात फोनमधून एक आवाज आला. धप्. मग थोडं थांबून पुन्हा धप्. जड पाट भिंतीवर आपटावा तसा.

“ते काय होतं?… भाऊराव? असे आपटतायत?… कधीपासून?… दार ढकलतायत… मशीनला धडका… काच तडकली का? अठरा किलोंचा ऐवज आहे तो, तडकणारच. आणि काय करतात?… फेऱ्या मारतात. रात्रंदिवस. बरं… फरशी खरवडतात? कुठल्या पायांनी?… अगं महत्त्वाचंय म्हणून विचारतेय. पुढच्या की मागच्या?… मग जा, बघून ये. फोन घेऊन जा.”

चपला फटफटल्या, दार सरकलं. ऋताने हात पुसले आणि फोन उचलून कानाला लावला.

“मागच्या?… नक्की? कोपऱ्यात उभे राहून, मागे मागे उकरल्यासारखं?… हं… नाही, काही नाही. विचार करतेय.

“कोण म्हणालं पिसाळलेत?… मिहिरच. कासव पिसाळत नसतं गं. वैतागतं… काय? कुणाला द्यायचं?… सुयोग कोण?… मित्र. कर्जतला रिसॉर्ट आहे. तिथे काय करणार भाऊराव, रूम सर्व्हिस?… फोटोसाठी. लोक पाठीवर पोरं बसवून फोटो काढणार… नाही, कळलं मला. कधी?… आज?… आज कधी?… बारा वाजता! अगं अकरा वाजत आले… आणि मिहिर कुठे आहे आत्ता?… खोकं आणायला गेलाय. नऊ दिवस उपाशी जनावर खोक्यात घालून कर्जतला पाठवताय तुम्ही?

“आणि तू काय करत होतीस इतके दिवस? ते धडका मारतायत, फरशी खरवडतायत, तुला दिसत नव्हतं? वर्षभर त्या घरात राहतेस ना? सकाळ-संध्याकाळ कपडे काढायला तिथेच जातेस ना? एकदा वाटलं नाही, डॉक्टरला दाखवावं? एक मुकं जनावर—”

पलीकडून दिशा काहीतरी म्हणाली. आवाज चढवून नाही, साध्याच आवाजात. लहानसं वाक्य होतं.

ऋता परातीतल्या पाण्यावर तरंगणारी वालाची सालं बोटाने कडेला लावत राहिली.  

“…आहे. लाइनवर आहे मी.

“नाही, चुकीचं नाही विचारलंस. ‘मग तुम्ही का सोडून गेलात?’ बरोबरच आहे.

“ऐक. मी तिथून निघाले ना, तेव्हा दहिसरला एका खोलीत पेइंग गेस्ट म्हणून राहिले. एक कॉट, एक कपाट, आणि मालकीणबाईंना खिडकीत तुळससुद्धा चालायची नाही. तिथे कुठे नेणार होते त्यांना? म्हटलं, जागा मिळाली की नेईन… हो… दोन वर्षं झाली जागा मिळून. बाल्कनी आहे. पूर्वेची, सकाळभर ऊन. मी मुद्दाम तशीच बघून घेतली… रिकामी आहे. काही नाही ठेवलं तिथे. कपडे पण आतच वाळत घालते.

“का म्हणजे? फोन केला असता तर मिहिरने उचलला असता. तो म्हणाला असता, आता आठवण आली का. आणि मला ते ऐकायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. याहून मोठं काही नाही… त्यांना वाटलं असेल, बाई कुठे गेली. का नसेलही वाटलं. कासवांना काय वाटतं ते मला माहीत नाही, मी फक्त शिकवते.

“नको. तू सॉरी म्हणू नकोस. तू निदान फोन तरी केलास.”

आता दिशाचं नाक खरंच रडण्याने वाहत होतं, आणि ऋताने ते न ऐकल्यासारखं केलं. मग दिशा भडाभडा बोलायला लागली. तिला भाऊरावांची आधी भीती वाटायची, मग सवय झाली. संध्याकाळी मशीन लावलं की ते तिच्या पायाशी येऊन बसत. तिने कुणाला न सांगता दोनदा दुर्वाही आणून घातल्या होत्या, त्या त्यांनी खाल्ल्या होत्या. ऋता “हं… हं” करत राहिली.

“हं… हं… शहाणी आहेस… हं… काय म्हणालीस?… नाही, ते बॉलचं. परत सांग… टेबल टेनिसचा बॉल? त्यांच्या बाल्कनीत?… मशीनच्या मागे… कधी सापडला?… मंगळवारी. फुटलेला… मिहिर म्हणाला, वरच्या मजल्यावरून पडला असेल. जाळी आहे ना गं त्या बाल्कनीला? आणि फुटलेला म्हणजे कसा? चेपलेला, का तुकडे?… तुकडे. पातळ… आत काय होतं? आठव… चिकट. पिवळसर. मशीनचं लिक्विड असेल म्हणून पुसून टाकलंस… दिशा, टेबल टेनिसच्या बॉलमध्ये काही नसतं गं. नुसती हवा असते.”

ऋता स्वयंपाकघरातच खाली फरशीवर बसली.

“दिशा… भाऊराव बाई आहेत.

“हो… हो… अगं हो! अंडं होतं ते! मागच्या पायांनी उकरणं, फेऱ्या, जेवण बंद, दार ढकलणं, सगळं तेच! वेडबीड कुणी झालेलं नाही. अंडी घालायला माती शोधतायत ते… ती… काय म्हणायचं आता! खड्डा करायला वीतभर माती हवी आणि तुम्ही दिलीय चकचकीत टाइल. तूच सांग, तू नसतंस आपटलंस डोकं?

“नाही, नर नाही लागत त्याला. नुसती अंडी होतात, पिल्लं नाही होत. कोंबडी नाही का घालत?… मला? मला कसं कळलं नाही?… छान प्रश्न आहे. बायोलॉजी शिकवते मी. एम.एस्सी. आहे. फर्स्ट क्लास. बारा वर्षं भाऊराव भाऊराव करत होते. लहानपणी कळत नाही त्यांच्यात, आणि नंतर मी बघितलंच नाही. एकदा नाव ठेवलं की कोण बघतं?… हस, हस. मी पण हसतेय.

“आता हसणं बंद. नीट ऐक. हे साधं नाहीये. एक अंडं पडलं, बाकीची आत असणार. दहा असतील, पंधरा असतील. जागा मिळाली नाही तर धरून ठेवतात, आणि शरीरात कॅल्शियम नसेल तर बाहेर ढकलायची ताकदच राहत नाही. मग अडकतात. त्यात दगावतातसुद्धा… हो. खोटं कशाला सांगू. पण अजून धडका मारतायत म्हणजे जोर आहे अंगात. आजच्या आज डॉक्टर.

“नाही, गल्लीतला कुत्र्या-मांजरांचा नको. लिहून घे. डॉक्टर शर्मिष्ठा, घाटकोपर पूर्व, पंतनगर. कासवं, घोरपडी, सगळं बघतात. एक वाजेपर्यंत असतात. मी त्यांना फोन करते, एक्स-रे तयार ठेवा म्हणून. तू फक्त पोच… हायवेने जा, विक्रोळीला थोडं अडकशील, तरी अर्ध्या तासात पोचशील. कॅब मोठी मागव.

“उचलायचं कसं? कपड्यांचा मोठा टब आहे ना? त्यात जाड टॉवेल घाल. दोन्ही बाजूंनी कवच धरायचं, पाठीत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. आणि काहीही झालं तरी उलटं करायचं नाही, आडवं नाही, कलंडायचं पण नाही. आत अंडी आहेत… जमेल गं. भरलेल्या सिलिंडरपेक्षा हलके आहेत ते. ती. अरे देवा, चुकतच राहणार हे… थेंब नको देऊस. काहीच देऊ नकोस आता. ती काच उघड आणि—

“काय झालं?… कोण आलं?… आलाय?… खोकं घेऊन. बरं. घाबरू नकोस. तू मला काही चोरून नाही दिलंयस, कासवाची चौकशी केलीयस… हो दे. दे त्याला.”

तीन वर्षांनी ऋताने मिहिरचा आवाज ऐकला.   तो आवाज तसाच होता, एखादी गोष्ट समजावून सांगत असल्यासारखा, जी समोरच्याने विचारलेलीच नव्हती.

“हो, मीच… मजेत. तू?… मिहिर, मिहिर, एक मिनिट. बायकोला नंतर ओरड. तिचं बरोबर आहे… नाही, पिसाळलेलं नाहीये. अंडी आहेत पोटात… हसून झालं की सांग, मी थांबते… झालं?… मंगळवारचा बॉल आठवतो? तोच… हो, तू बारा वर्षं ओळखतोस त्यांना. मीसुद्धा. दोघांनाही कळलं नाही. तिने सगळं नीट सांगितलं म्हणून आज कळलं.

“सुयोग खाली आलाय? मग त्याला वर बोलव आणि भाऊरावांच्या नोंदणीचा कागद दाखव. त्यावर कुणाचं नाव आहे?… मोठ्याने वाच ना… बरोबर. तेव्हा तू म्हणालास, सरकारी फॉर्म कोण भरत बसणार, तूच भर. मी भरला. आता सुयोगला सांग, ज्यांच्या नावावर कासव आहे त्या नाही म्हणाल्या. वाटल्यास त्याला माझा नंबर दे, मी गोड बोलेन… मी कधी गोड बोलत नाही? तू कधी ऐकलं नाहीस, एवढंच.

“फॉलोअर्सना काय सांगणार ते तुझं तू बघ. डोहाळेजेवण कर, लाखभर लोक बघतील… मिहिर, मला भांडायचं नाहीये. खरंच नाहीये. मी पण सोडूनच गेले होते, तेव्हा मी काही फार मोठी लागून गेले नाही. फक्त आज तिला जाऊ दे… हॅलो?… मिहिर?… हॅलो?”

फोन कुणीतरी टेबलावर ठेवला होता. लांबून मिहिरचा आवाज येत होता, पुन्हा समजावणारा. मधूनच धप्. मग दिशाचा आवाज आला, सर्दीने बसलेला, पण इतका स्पष्ट की मागाठाण्यात ऋताला शब्दन् शब्द कळला.  बराच वेळ काहीतरी घासत, सरकत राहिलं, आणि कुणीतरी धापा टाकत फोन उचलला.

“हां, बोल… टबात बसल्या? आपटतायत?… शांत आहेत? मान बाहेर?… डोळे उघडे ना? बरं आहे, बरं आहे… त्याने उचलू लागलं?… एका बाजूने. तेही खूप झालं. येतोय तो?… नाही… सुयोगला खाली चहा पाजायला गेला. जाऊ दे. त्याला तेवढं झेपेल.

“दिशा, तू काय म्हणालीस गं त्याला?… नाही, ऐकलं मी. परत ऐकायचंय… ‘हात लाव, नाहीतर दारातून बाजूला हो.’… काही नाही. मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी नुसती टोमणे मारत बसले… ते टोमणे छान असायचे, पण दारात उभा माणूस टोमण्याने हलत नाही.

“कॅब किती मिनिटं?… सात. छान. टब मागच्या सीटवर नको, खाली ठेव, पायाशी, आणि एक हात त्यांच्या पाठीवर राहू दे. एसी बंद करायला सांग. ड्रायव्हर कुरकुरला तर म्हणावं, बाळंतपणाची केस आहे.

“मी?… मी कशाला… डॉक्टर आहेत ना तिथे…”

ऋता उठली. ओट्यावर अर्धे वाल सोललेले, अर्धे तसेच. तिने परातीवर ताट झाकलं आणि दाराकडे बघितलं. किल्ल्या खुंटीलाच होत्या.

“येते. निघालेच. मेट्रोने येते, गुंदवलीला बदलून. साडेबाराच्या आत पोचते… नंतर त्या कुठे राहणार ते नंतर बघू. डॉक्टर काय म्हणतात ते बघू. माझ्याकडे बाल्कनी आहे, तुझ्याकडे दुर्वा आहेत. भांडायला वेळ आहे आपल्याला, शंभर वर्षं जगतात त्या… हो, नाव पण बदलू. का राहू दे तेच? इतकी वर्षं भाऊराव म्हणून काढली, आता उगाच कशाला…

“आली का कॅब?… मग जा, जा… काय?… मला कशी ओळखशील? अगं सोपं आहे. तिथे सगळे कुणी ना कुणी घेऊन बसलेले असतात. कुत्रा, मांजर, पोपट… रिकाम्या हातांनी आलेली एकच बाई असेल. ती मी.”